पाय धुण्याचे पाणी

माझी धाकटी बहीण निर्मला हिने आयुष्यात कोणालाही मंडईचे आमंत्रण दिलेले नाही.

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. पाहुण्यांच्या दृष्टीने पाहिले तर ती त्यानंतरच सुरू होते. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, भरू लागतात आणि प्रत्येक गावाचा दिवस वर्षानुवर्षे ठरलेला असतो. दुपारी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, बाजारात शिंगाडे, ऊस आणि जिलेबी, आणि घरोघर माणसांची रीघ. लेकी माहेरी येतात, व्याही येतात, व्याह्यांचे शेजारीही येतात. मुलामुलींच्या लग्नाच्या गोष्टी बहुधा याच गर्दीत प्रथम निघतात. कोण येणार हे आधी कोणी विचारत नाही आणि ‘या’ असे कोणी सांगत नाही. दिवस माहीत असतो, वाट माहीत असते, तेवढे पुरते.

निर्मलाचे सासर खैरबोडी. अड्याळच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली वसलेले हे गाव. पाळीवर उभे राहिले म्हणजे एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, दिसतात. तिचे लग्न झाले त्या वर्षी मी भंडाऱ्याच्या एका शाळेत शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. तिची सासू आधीच वारली होती. घरात सासरे, पती इश्वरराव आणि आठ वर्षांचा दीर कैलाश, एवढीच माणसे. तीन पुरुषांचे ते घर कसे चालत असेल याची कल्पना मला पहिल्या भेटीतच आली, कारण पाणी प्यायला मागितले तेव्हा मला ते दूध मोजण्याच्या मापातून मिळाले. निर्मलाने तक्रार केली नाही. पहिल्या महिन्यात तिने भांडी लावली, परसातले गवत काढले आणि कैलाशच्या डोक्यातल्या उवा काढल्या. त्यानंतर कैलाश तिच्या चुलीपासून हलेना. जेवायला तिथे, अभ्यासाला तिथे. झोपही बहुधा तिथेच लागे आणि इश्वरराव त्याला उचलून अंथरुणावर नेत.

त्या घरातील तिची पहिली मंडई मला स्पष्ट आठवते. दाराशी कोणी तरी उभे राहायला हवे होते. आमच्याकडे आलेल्या माणसाच्या हाती आधी पाण्याचा तांब्या देतात, किंवा स्वतःच्या हाताने त्याच्या पायांवर पाणी घालतात, आणि मग त्याला आत घेतात. निर्मलाने कैलाशला बादली आणि पितळी तांब्या देऊन दारात उभे केले.

“येईन त्याच्या पायावर पानी घालजो. लहान असो का मोठा, कोनाले सोडू नोको.”

त्याने कोणालाही सोडले नाही. मी बूट काढण्याच्या आतच त्याने अशा उत्साहाने तांब्या ओतला की माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. इश्वरराव त्याच्यावर रागावले. निर्मला दारातून म्हणाली, “राहू द्या. मास्तराले पानी जास्तच लागते.”

तेव्हापासून ते काम कैलाशचे झाले. पाणी देतो तो घरचा आणि पाणी घेतो तो पाहुणा, ही आमच्याकडची साधी विभागणी आहे. तिच्याविषयी कोणी बोलत नाही, पण ती सर्वांना कळते. पुढे कैलाश अकरावी-बारावीसाठी भंडाऱ्यात माझ्याकडे राहिला, आयटीआय झाला, नागपूरला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. रीताशी त्याचे लग्न झाले, डिंपल जन्मली, मानेवाड्याकडे दुसऱ्या मजल्यावर त्याने घर घेतले. पण मंडईच्या आदल्या संध्याकाळी तो खैरबोडीस पोहोचायचाच, आणि सकाळी पँटच्या घड्या वर करून दारात उभा राहायचा. मिशीत पांढरे केस आले तरी पाणी ओतण्याच्या त्याच्या पद्धतीत सुधारणा झाली नाही. मी मंडईला जाताना दुसरी पँट पिशवीत नेत असे.

इश्वररावांना जाऊन आता पाच वर्षे होतील. त्यांच्या पश्चात शेतीची रीतसर वाटणी झाली. तीत कोणाचे कोणाशी वाकडे आले नाही. कागद झाले आणि सर्वांनी मिळून जेवण केले. नवल असे की बिघडले ते त्यानंतर, आणि तेही आदरापोटी.

निर्मलाचा मुलगा योगेंद्र धान पिकवतो आणि अड्याळच्या चौकात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवतो. मुलगा सालस आहे. घराची जबाबदारी आपल्यावर आली, तेव्हा सर्व काही नीट व्हावे, असे त्याला वाटले. वाटणीनंतरच्या पहिल्या मंडईला त्याने मोबाइलवर एक सुंदर पत्रिका तयार केली. वर कमळे, खाली दंडारीचे चित्र आणि मध्ये ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ ही ओळ. ती त्याने सगळ्या नातलगांना पाठवली आणि त्या सगळ्यांत आपल्या काकालाही पाठवली.

त्या वर्षी कैलाश आदल्या संध्याकाळी आला नाही. मंडईच्या दिवशी, पाहुण्यांच्या वेळेला आला. मी अंगणात खुर्चीवर बसलो होतो, त्यामुळे पुढचे मी पाहिले. दारात योगेंद्र तांब्या घेऊन उभा होता. नागपूरचा काका, वयाने मोठा, इस्त्रीच्या कपड्यांत आलेला. त्याला दारात कशाला उभे करायचे, असे योगेंद्रच्या मनात आले असावे. त्याने वाकून नमस्कार केला आणि तांब्या पुढे केला. “या काकाजी. पाय धुवा.”

कैलाश त्या तांब्याकडे पाहत राहिला. मग त्याने बूट काढले, पाय धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

“यंदा तुला सुटी मिळाली तर,” मी म्हणालो.

“हो गुरुजी,” तो म्हणाला. “यंदा पाहुणा झालो.”

तो हसला. जेवला, पान खाल्ले आणि दंडार संपण्यापूर्वी निघून गेला. निर्मला सकाळपासून चुलीपाशी होती. तिला हे सारे दुसऱ्या दिवशी तिची मुलगी अंजू हिच्याकडून कळले. पुढच्या मंडईला कैलाशचा फोन आला की ड्युटी आहे. त्याच्या पुढच्या मंडईला फोनही आला नाही. सणावाराला तो वहिनीची विचारपूस करी, तीही करी. बोलणे गोड असे आणि लवकर संपे. मधल्या त्या गोष्टीविषयी दोघेही बोलत नसत. निर्मलाने मात्र मंडईच्या दिवशी त्याच्यासाठी काढून ठेवलेले ताट दोन्ही वर्षी संध्याकाळी स्वतः खाल्ले, असे अंजू सांगते.

यंदाच्या मंडईत अंजूसाठी स्थळ आले. मुलगा पवनीचा, प्रितम नावाचा. त्याचे आजोबा लक्ष्मणराव जुन्या वळणाचे गृहस्थ आहेत. अंजू त्यांना पसंत पडली, प्रितम अंजूला पसंत पडला. जेवण झाल्यावर लक्ष्मणराव सुपारी कातरीत म्हणाले, “पोरीचा बाप नाई, हे आमाले माहीत आहे. पन काका आहे म्हनते. थो काही दिसला नाई बापा मंडईत.”

अशा प्रश्नामागे दुसरा प्रश्न असतो, तो म्हणजे घरात भांडण तर नाही ना.

“कामात आहेत,” निर्मला दाराआडून म्हणाली. “बोलनी त्यायच्याच संग होईन. बापाच्या जागी थेच आहेत.”

“मंग ठीक आहे. सकरातीच्या आधीच्या रविवारी येतो. त्यायच्या संग बसू आन पक्कं करून टाकू.”

पाहुणे गेले. निर्मला ओसरीवर बसली आणि मला म्हणाली, “दादा, मी जबान देऊन बसली.”

योगेंद्रच्या चेहऱ्यावर अपराध्याचा भाव होता. “आई, मी आत्ता काकाजीले फोन लावतो. नाही तं मेसेज टाकतो.”

“तू काहीच टाकू नोको. एक डाव टाकला, पुरे झाला.”

“मंग त्यायले कळन कसं?”

“फोन करून बोलावलं तं थो येईन,” ती म्हणाली. “नाई म्हननार नाई. पाहुन्यासारखा येईन, लक्ष्मनरावाच्या बाजूच्या खुर्चीवर बसन, हो हो म्हनन आन जेवून जाईन. मले पाहुना नाई पाहिजे. मले पोरीच्या बापाच्या जागी मानूस पाहिजे.” मग तिने धानाच्या ढिगाकडे पाहिले. “मलेच जावं लागन.”

निर्मलाने नागपूर पाहिले होते ते फक्त इश्वररावांच्या आजारपणात, इस्पितळाच्या खिडकीतून. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत, अंजू शिकवते ती शाळा बंद असताना, आम्ही तिघांनी जायचे ठरले. गावात सांगायला कारण होते: लग्नाच्या साड्या पाहायच्या. तिकिटे काढण्यासाठी आणि फलाट विचारण्यासाठी मी.

डिसेंबरातली ती सकाळ बरीच थंड होती. वरठीच्या स्टेशनकडे जाताना पोलाद कारखान्याच्या पाळीचे कामगार कान बांधून सायकलींवरून आणि मोटारसायकलींवरून समोरून येत होते. निर्मलाजवळ नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे गाठोडे होते. मी ती पिशवी हमालाकडे द्यावी असे सुचवले. ते तिने ऐकले नाही. फलाटावर मी दुसरी सूचना केली.

“कैलाशला एक फोन करणे योग्य होईल, निर्मला.”

“कायले?”

“तो घरी आहे किंवा नाही, हे कळेल.”

“दादा, तू आपल्या घरी जाताना फोन करतो काय, मी येऊन राहिलो म्हनून?”

मी करतो. माझ्या पत्नीला ते आवडते. परंतु त्या क्षणी हे सांगण्यात अर्थ नव्हता. अंजूने माझ्याकडे पाहिले आणि मफलर तोंडावर ओढून घेतला.

गाडीत तिने आईला विचारले, “आई, काकाजीनं दारच नाही उघडलं तं?”

“तं दारात बसीन. लहानपनी दिवसभर माह्या चुलीपाशी बसे. आता माही पाळी.”

“आणि मामाजी?”

“मामाजीले एक खुर्ची मागून देऊ.”

दार उघडले नाही, हे खरे. पण त्याचे कारण असे की दाराला कुलूप होते. दुसऱ्या मजल्यावर आम्ही सामान टेकवले आणि कुलपाकडे पाहत उभे राहिलो. मी काहीही बोललो नाही. त्याचे श्रेय मला कोणी दिले नाही.

समोरचे दार उघडून एक ठेंगण्या बाई बाहेर आल्या. त्यांचे नाव बेबीबाई. आम्हा तिघांना आणि आमच्या गाठोड्यांना त्यांनी पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले.

“ते तर कामठीला गेले, रीताच्या भावाकडे. संध्याकाळी येतील. कोण तुम्ही?”

“घरचेच आहो,” निर्मला म्हणाली.

“घरचे, आणि किल्ली नाही?”

“किल्ली घेवालेच आलो.”

बेबीबाईंनी मोबाइल काढला. “फोन लावून देऊ का त्यांना?”

“नोको, बाई. सुटीचे गेले आहेत. जेवू द्या त्यायले.”

मग निर्मला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, गाठोडे सोडले आणि शेंगा सोलू लागली. बेबीबाईंनी मला खुर्ची आणून दिली, अंजूला चटई दिली. पहिल्यांदा त्या दारातूनच प्रश्न विचारत होत्या. कोणत्या गावचे, किती शेती, मुलीचे लग्न कुठे. नंतर त्या चहा घेऊन आल्या, आणि चहा संपेपर्यंत त्याही पायरीवर बसून शेंगा सोलू लागल्या होत्या.

“तुमच्या गावच्या मंडईचे कैलाशभाऊ सांगतात,” त्या सहज म्हणाल्या. “दिवाळीनंतर दरवर्षी. अमुक दिवशी आमच्या गावची मंडई म्हणून. मी म्हटलं, मग जात का नाही? तर म्हणाले, मागे गेलो तेव्हा थंडी वाजली होती.”

निर्मलाचे हात थांबले. “थंडी वाजली म्हने?”

“हो ना. दिवाळीत कुठली आली हो इतकी थंडी.”

निर्मलाने पुढची शेंग घेतली. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून जो ताण होता, तो त्या वाक्याने थोडा कमी झाला असे मला वाटले. तो दिवस विसरला नव्हता, एवढे तरी कळले.

दुपार टळल्यावर डिंपल अभ्यासिकेतून परतली. पाठीवर पिशवी आणि कानात तारा घालून ती जिना चढत आली आणि शेवटच्या वळणावर थबकली.

“मोठी आई? तू इथं काय करून राहिली?”

“शेंगा सोलून राहिली. उघड दार.”

डिंपलने तारा कानातून काढल्या, कुलूप उघडले आणि लगेच वडिलांना कळवण्यासाठी फोन हातात घेतला. अंजूने तो तिच्या हातातून हळूच घेतला आणि फ्रिजवर ठेवला. निर्मला सरळ स्वयंपाकघरात गेली. थोड्याच वेळात तिला मीठ कुठे आणि हळद कुठे हे विचारावे लागेनासे झाले. चिन्नोर शिजू लागला की त्याचा वास भिंती ओलांडतो. बेबीबाईंचे दार दोनदा उघडले.

दिवे लागायच्या वेळी कैलाश आणि रीता आले. दार उघडेच होते. कैलाश उंबरठ्यावर आला, त्याने माझे बूट पाहिले, मग मला पाहिले, मग त्या वासाच्या दिशेने पाहिले.

“गुरुजी?” तो म्हणाला. “वहिनी आली काय?”

“भाजीले फोडनी देऊन राहिली,” आतून उत्तर आले. “हात धुवून घे.”

रीता लगबगीने आत गेली. पाहुणे आलेले पाहून तिने सवयीने ट्रेमध्ये पाण्याचे पेले मांडले आणि पहिला निर्मलापुढे धरला. “अवो बाई, कवा आल्या? फोन तं कराचा.”

“ठेव थो तिकडे. मले तहान लागली का मी माठातून घेतो. दुपारपासून घेऊनच राहिली.” आणि मग थोड्या खालच्या आवाजात, “तुह्या तेलाचा डबा कुठी आहे ते तेवढं सांग. पोरीले माहीत नाई.”

रीताने ट्रे खाली ठेवला आणि वरच्या फळीवरून डबा काढून दिला. दोघी जावा ओट्यापाशी शेजारी उभ्या राहिल्या.

जेवताना कैलाशने भात दुसऱ्यांदा घेतला, मग तिसऱ्यांदा घेतला. ताटात बोटांनी रेघा ओढीत तो अखेर म्हणाला, “वहिनी, येण्याच्या आधी कळवायचं होतं. आम्ही नसतो तं?”

“नव्हतेच तुमी. बसलो बाहेर.”

“अख्खा दिवस जिन्यात?”

“आपल्या घराच्या जिन्यात. कोनी उठवलं नाई.”

रीताने त्याच्याकडे पाहिले. मी पाण्याचा पेला नीट जागेवर ठेवला. कैलाश म्हणाला, “मले मात्र पत्रिका आली होती. उपस्थिती प्रार्थनीय. मोबाइलवर. आन दारात तांब्या देल्ला मले योगेंद्रनं. मी ज्या दारात पन्नाशी गाठली, त्या दारात.”

गेली तीन वर्षे जे बोलायचे राहिले होते ते बोलले गेले होते. मला वाटले, निर्मला आता समजूत घालील, योगेंद्रच्या वतीने माफी मागेल. तिने तसे केले नाही.

“पोराचं चुकलं,” ती म्हणाली. “त्याले मी सांगतलं, आन थो रडलाही. पन तुले विचारतो मी, बाबू. थो तांब्या तुहा होता. पोराच्या हातात दिसला तं हिसकून काहून नाई घेतला? एक चापट काहून नाई मारली त्याले? ‘सर बाजूले, मी आहो’ म्हनून काहून नाई म्हनलं? घरचा मानूस असता तं म्हनला असता. तू पाय धुतले. गुमान धुतले आन खुर्चीवर जाऊन बसला. पत्रिकेनं नाई केलं तुले पाहुना. तूच झाला.”

कैलाशने मान वर केली नाही. डिंपल आणि अंजू दारात उभ्या होत्या. तो म्हणाला, “वाटणी झाली होती ना वहिनी. मले वाटलं, दारही वाटणीत गेलं.”

“बांध्या वाटल्या. दार कोनी मोजलं नवतं.”

मग निर्मलाने अंजूच्या स्थळाचे सांगितले. मुलगा कोण, घर कसे, लक्ष्मणरावांनी काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले, हे सारे तिने काहीही न वगळता सांगितले. आपण दिलेला शब्द अजून खरा झालेला नाही, हेही सांगितले.

“कोणत्या दिवशी येऊन राहिले ते?” कैलाशने विचारले.

“ते मी नाई सांगत.”

“काहून?”

“सांगतलं तं आमंत्रन होईन.”

अंजूला हसू आवरले नाही, आणि तिचे पाहून रीतालाही. कैलाश हसला नाही. तो उठून हात धुवायला गेला आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. त्या विषयावर त्या दिवशी तो पुन्हा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला शहर दाखवले. निर्मला मेट्रोत बसली. गाडी घरांच्या छपरांवरून निघाली तेव्हा तिने काचेला हात लावला आणि खाली पाहिले. “लोकायची वाळवनं दिसतात वरून,” ती म्हणाली. “पापड घालाले चोरी.” महाराजबागेतला वाघ झोपलेला होता, त्याच्यासाठी तिकीट काढावे लागल्याचे तिला पटले नाही. सीताबर्डीवर रीताने साड्यांच्या दुकानात तिच्यासाठी एक चॉकलेटी रंगाची साडी काढली. निर्मलाने ती परत घडी घालून ठेवली आणि अंजूसाठी हिरवी निवडली. कैलाश सर्व वेळ बरोबर होता. पिशव्या त्याच्याच हातात होत्या. रस्ता ओलांडताना तो वहिनीच्या कोपराला धरी, जशी ती त्याला पूर्वी पाळीवरून शाळेत नेताना धरत असावी. परंतु रविवार, लक्ष्मणराव, बोलणी यांपैकी एकही शब्द त्याने उच्चारला नाही. निर्मलानेही विचारले नाही.

स्टेशनवर त्याने संत्र्यांची पिशवी दिली. रीताने निर्मलाच्या हातात दोऱ्यात ओवलेली एक किल्ली दिली. “बेबीबाई मले रागावल्या,” ती म्हणाली. गाडी सुटल्यावर अंजूने आईला विचारले, “काकाजी येतील?”

“किल्ली तं देल्ली,” निर्मला म्हणाली. तिने संत्रे सोलले आणि त्यातल्या फोडी आम्हा दोघांना सारख्या वाटून दिल्या. स्वतः घेतली नाही.

त्यानंतरचे दिवस तिला जड गेले, हे मला योगेंद्रच्या फोनवरून कळत होते. तिने ओसरी सारवली, चुलीला पोतेरा दिला, आणि मग तो सुकण्याआधीच पुन्हा दिला. योगेंद्रने काकाला दिवस कळवू का असे दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने नाही म्हटले. शनिवारी संध्याकाळी शेवटची बस येऊन गेली. त्या बसमधून कोणी उतरले नाही, असे त्याने मला सांगितले, आणि मी रविवारी सकाळी लवकर निघालो.

अड्याळला उतरल्यावर ऑटो मिळायला वेळ लागला. बांध्यांत धानानंतर पेरलेली लाखोळी फुलली होती. तिच्यावर दव होते. माझ्या मनात मी काही वाक्ये तयार करून ठेवली होती. काकांना कारखान्यात अचानक पाळी लागली, मी मुलीचा मामा आहे, बोलणी माझ्याशी करावी, अशा अर्थाची. ती वाक्ये मला आवडली नव्हती. लक्ष्मणरावांना ती आवडतील अशी आशाही नव्हती.

खैरबोडीस पोहोचलो तेव्हा दारात बरीच गर्दी होती. पवनीची मंडळी माझ्याआधीच येऊन पोहोचली होती आणि एकेक करून आत जात होती. लक्ष्मणराव आपले धोतर सावरीत दगडावर उभे होते. त्यांच्या समोर कोणी तरी वाकून त्यांच्या पायांवर पाणी घालत होते. पँटच्या घड्या वर केलेल्या होत्या. बाजूला योगेंद्र टॉवेल घेऊन उभा होता, आणि त्याचा चेहरा मी गेल्या तीन वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

“मी कैलाश,” वाकलेला माणूस म्हणाला. “पोरीचा काका. चाला, आत बसून बोलू.”

“आम्ही मंडईत विचारलं होतं तुमचं,” लक्ष्मणराव म्हणाले.

“माहीत आहे मले. त्या दिवशी मी इथं पाहिजे होतो.”

लक्ष्मणराव आत गेले. मागाहून मला कळले की कैलाश पहाटे मोटारसायकलने निघाला होता, रीताला मागे बसवून, त्या थंडीत. दिवस त्याने कोणाला विचारला होता हे अंजूने सांगितले नाही, पण मागून बसने आलेल्या डिंपलने तिच्याकडे पाहून जे तोंड केले त्यावरून ते सर्वांना समजले. रीता आत निर्मलाच्या शेजारी पोळ्या लाटत होती. निर्मलाच्या अंगावर ती चॉकलेटी साडी होती. ती परत दुकानात कोणी जाऊन आणली, हे मी विचारले नाही.

आता दारात मी एकटाच उरलो होतो. मी माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, पायमोजे काढून एकमेकांत गुंडाळले आणि दगडावर उभा राहिलो. दुसरी पँट मी आणली नव्हती.

“सावकाश, कैलाश,” मी म्हणालो.

“हो गुरुजी,” तो म्हणाला, आणि त्याने तांब्या ओतला.

पाणी गुडघ्यापर्यंत आले.